आष्टमकरणीचा डबा

१

नोंदवहीतलं एक पान कुणीतरी फाडलं होतं, आणि तेही घाईत. शिवणीजवळ कागदाची दातेरी पट्टी तशीच राहून गेली होती. चोवीस ऑक्टोबर २००० जागेवर होता, सव्वीस ऑक्टोबर जागेवर होता, मधला पंचवीस तेवढा गायब.

येहुदित चिंचोळकरने चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट त्या पट्टीवरून फिरवलं. इस्रायलमधल्या किर्यात मलाखी गावात, अमनोन वकिलांच्या ऑफिसात ही बाई बावीस वर्षं कारकून होती. एकोणिसाव्या वर्षी मुंबईहून आलेली, आता अठ्ठावन्नची. टाइप हिब्रूत करायची, चिडायची मात्र मराठीत. त्या सकाळी ती मराठीतच काहीतरी पुटपुटली. अमनोनला अर्थ कळला नाही, पण रोख कळला.

वही होती खोक्यांच्या कारखान्याच्या फाटकावरची. कुठली गाडी कधी आत आली, कधी बाहेर गेली, याची. दिवसाला एक पान. कोर्टाने मागितली म्हणून कारखान्याने पाठवली, आणि सोबत चिठ्ठी जोडली, की त्या पानावर कॉफी सांडली होती, सबब टाकून दिलं.

"म्हणे कॉफी सांडली," येहुदित म्हणाली. "नेमकी जुडा पडला त्याच दिवसावर. कॉफीला डोळे असतात होय?"

जुडा झिराडकर त्या दिवशी माळ्यावरून पडला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. पाठीचा मणका मोडला, आतली नस दुखावली, कमरेखाली काही उरलं नाही. सरकारी विम्याचं, म्हणजे बितुआख लेउमीचं मासिक वेतन त्याला मिळत होतं, त्यावर चूल पेटत होती. पण मोडक्या शिडीवर त्याला चढवलं, या निष्काळजीपणाबद्दल कारखान्यावर लावलेला दावा वेगळा होता, आणि तो तीन वर्षं रखडून आता तोंडावर आला होता. जुडाचं म्हणणं, ट्रक भरायला आला होता म्हणून मुकादमाने मला वर चढायला सांगितलं. कारखान्याचं म्हणणं, त्या दिवशी ट्रक आलाच नाही, हा आपल्या मनाने चढला. ट्रक नाही तर हुकूम नाही, आणि हुकूम नाही तर चूक जुडाची.

सुनावणीला नऊ दिवस उरले होते.

२

जुडा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. इमारतीला लिफ्ट नव्हती, पायऱ्या बावन्न. बाहेर जायचं तर चार शेजाऱ्यांनी खुर्ची उचलायची, आणि माणूस दुसऱ्यांना भीड तरी किती घालणार? तीन वर्षांत तो दवाखान्याशिवाय कुठे गेला नव्हता. भरपाई मिळाली तर तळमजल्याचं घर घ्यायचं, एवढाच त्याचा हिशोब. त्याला सागरकिनारी बंगला बांधायचा नव्हता, आपल्या हातांनी चाकं ढकलत दारातून बाहेर पडायचं होतं.

येहुदित धापा टाकत वर पोचली तेव्हा तो खिडकीपाशी बसून वाल सोलत होता. कोमट पाण्याची पातेली मांडीवर, बोटं भराभर चाललेली. त्याची बायको इलाना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची, म्हणून घरातलं बिरडं याच्याकडे.

"बसा येहुदितबाय. सोलता सोलता सांगतो. शंभरदा सांगितलंय, एकशेएकावं."

सांगितलं ते असं. मुकादम योरामने खालून ओरडून वरचे खोके उतरवायला सांगितलं. शिडीचा वरचा आकडा तुटलेला, नायलॉनच्या दोरीने बांधलेला. दोरी सुटली आणि हा खाली. शुद्धीवर आला तेव्हा नुसतं छप्पर दिसत होतं. लोक धावले, दोघांनी खांद्याला हात घातला, आणि तेवढ्यात डोक्यामागून कुणीतरी हिब्रूत गरजला, उचलू नका, कुणी हात लावू नका. मग तो माणूस त्याच्या डोक्यामागे जमिनीवर बसला, दोन गुडघ्यांमध्ये त्याचं डोकं घट्ट धरलं आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत हलू दिलं नाही.

"आणि माझ्याशी बोलत राहिला," जुडा म्हणाला. "मराठीत."

डॉक्टरांनी पुढे सांगितलं, की मानेचा मणकाही तडकला होता. त्या वेळी उचलला असता, तर हातही गेले असते.

जुडाने पाण्यातले हात वर काढून बघितले. "हे दोन राहिले ते त्याच्यामुळं. मी त्याचं तोंडपण नाही बघितलं. दावा जाऊ दे खड्ड्यात, पण त्याला एकदा थँक यू म्हणायचंय हो. रोज सकाळी उठून हात हलवतो ना, तेव्हा आठवण येते."

काय बोलला तो, असं येहुदितने विचारलं. जुडा हसला. त्याला झोप लागू नये म्हणून तो माणूस विचारत होता, तुझी आई बिरडं कसं करायची, वाल किती दिवस भिजत घालायची. पडल्यापडल्या मरणाच्या दारात याने उत्तरंसुद्धा दिली होती.

तो आपला माणूस कोण, हे शोधायला इलानाने काही बाकी ठेवलं नव्हतं. अशदोदपासून लोदपर्यंत प्रत्येक सिनेगॉगात विचारलं. मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या बेने इस्रायल समाजातला कुठला माणूस त्या दिवशी कारखान्यात होता? कुणीच नव्हता. त्या पाळीला जुडा सोडून कामावर एकही मराठी बोलणारा नव्हता. आणि कारखान्याच्या वकिलाने हेच तर पकडलं होतं. ज्याच्या कानात न बोललेली मराठी वाजते, त्याला न आलेला ट्रकही दिसणारच.

"मग डोकं धरलं कोणी, म्हणतात ते?"

जुडाचा चेहरा उतरला. "योराम म्हणतो, मीच धरलं होतं. बाकीचे नोकरी जाईल म्हणून तोंड उघडत नाहीत."

३

कारखान्याच्या फाटकाला दोन झडपा होत्या, एक उघडी, एक बंद. पहारेकरी यिशाय हा सत्तरीला टेकलेला माणूस खुर्चीवर बसून संत्रं सोलत होता. येहुदित त्याच्याशी बोलायला उभी राहिली तोच भाजीचा टेम्पो आला आणि त्याने भोंगा वाजवला. यिशाय कण्हत उठला. मोटारीपेक्षा मोठं काहीही आलं की ही दुसरी झडप ओढावी लागते, आणि माझा खांदा कामातून गेलाय, असं म्हणत त्याने ती ढकलली. टेम्पो भाजी उतरवून बाहेर पडेपर्यंत ती उघडीच राहिली, आणि तो जाताच यिशाय ती पुन्हा बंद करायला विसरला नाही.

मग त्याने सांगितलं. पंचवीस ऑक्टोबरला कुठलाही ट्रक आला नाही, सकाळ अगदी निवांत होती. इथे बसून भाकरी खात होतो, एवढ्यात आतून ओरडा झाला, आणि पाच-दहा मिनिटांत अॅम्ब्युलन्स आली ती थेट आत गेली.

"तुम्हाला खांदा दुखवून घ्यावा लागला असेल," येहुदित कळवळून म्हणाली.

"नाही हो, मला उठावंही लागलं नाही."

येहुदितने त्याने दिलेली संत्र्याची फोड तोंडात टाकली, आभार मानले आणि आत गेली.

योराम मुकादम हा गोड बोलणारा माणूस. त्याने तिला खुर्ची दिली, जुडाची चौकशी केली, डोळेसुद्धा ओले केले. जुडाचं डोकं मीच सांभाळलं, पण बिचाऱ्याला धक्क्यामुळे भलतंच आठवतं, माझा राग नाही त्याच्यावर. येहुदितने भारी कौतुक दाखवलं. कसं सुचलं हो तुम्हाला? नेमकं काय केलंत?

"माणुसकी, दुसरं काय. सिमेंट गार होतं. मी माझं जाकीट काढलं, घडी करून त्याच्या मानेखाली उशाला दिलं, आणि शेजारी बसून हात धरला."

येहुदितने त्याचेही आभार मानले. परतीच्या बसमध्ये तिने दोघांचं बोलणं कागदावर उतरवून काढलं. तडकलेल्या मानेखाली ज्याने उशी सारली असती, त्याच्या पेशंटचे हात आज वाल सोलत नसते. हा माणूस खोटं बोलत होता. बरं, नुसतं खोटं बोलला असता तर एक वेळ ठीक, पण दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं थँक यू तो तीन वर्षं खात होता.

आणि यिशाय? मोठी गाडी आली की दुसरी झडप उघडावी लागते. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा याला उठावं लागलं नाही. म्हणजे झडप आधीच उघडी होती, कुणासाठी तरी उघडली होती, आणि ते कुणीतरी अजून आतच होतं, म्हणून ती बंद केली नव्हती. ट्रक आला होता. आता तो ट्रक कुणाचा, ते शोधायचं होतं, आणि दिवस राहिले होते सहा.

४

शोध लागला तो इलानाच्या एका रडगाण्यातून. चहा देता देता ती म्हणाली, की तिच्या डोक्यावर एक ओझं आहे. जुडा हॉस्पिटलात होता तेव्हा आठव्या दिवशी कुणीतरी वॉर्डाच्या टेबलावर त्याच्या नावाने डबा ठेवून गेलं. आत मलिदा होता. संकटातून वाचलं की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन आपण करतो तोच. डबा कुणाचा ते कळलं नाही, म्हणून तीन वर्षं तो परत करता आला नाही. परक्याचं भांडं घरात, आणि तेही रिकामं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, इलाना, लाज आणलीस.

"आणि मावशी, तो मलिदा पण कसला, कशाचा होता माहितीये? बुर्गुलचा."

येहुदितच्या हातातली बशी थांबली. मलिदा पोह्यांचा. पोहे, खोबरं, साखर, वेलची. त्यात गव्हाचं जाडंभरडं बुर्गुल कोण घालतं?

"डबा आण बघू."

इलानाने स्टुलावर चढून कपाटाच्या डोक्यावरून तो काढला. स्टीलचा, कडीचा, जुना मुंबईचा डबा. येहुदितने तो उलटा केला आणि तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं. तळाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: हाना एझ. आष्टमकर, १९५८.

इलाना इथे जन्मलेली. मराठी बोलायची, तीही अर्धी हिब्रूतून, पण तिला देवनागरीचं अक्षर येत नव्हतं. ते ठिपके तिला नक्षी वाटले होते, आणि जुडा घरी येण्याआधीच डबा कपाटावर गेला होता. मुंबईत भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घ्यायची रीत, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं ज्याचं नाव शोधत ती गावोगाव फिरली, ते तिच्या कपाटावर पालथं पडलं होतं.

जुडाने खुर्ची जवळ ढकलली. आष्टमकर! म्हणजे आपलाच माणूस. येहुदितने तिथूनच रामल्याच्या सिनेगॉगाच्या शमाशला फोन लावला. तिथला हा सेवेकरी सगळ्यांच्या कुंडल्या पाठ असलेला म्हातारा होता. तिने नाव सांगितलं, ऐकलं, आणि फोन हळूच खाली ठेवला.

हाना आष्टमकर रामल्यातच राहायची. विधवा, मूलबाळ नाही, मागे कुणी नाही. आणि ती वारली होती १९९८ साली, जुडा पडायच्या दोन वर्षं आधी.

५

रामल्याला जाणाऱ्या बसमध्ये येहुदितने विचार केला, आणि मग स्वतःलाच एक चापट मारावीशी वाटली.

डबा आपल्या बाईचा, पण मलिदा आपल्या हातचा नाही. रामल्यात पोहे कुठल्याही भारतीय दुकानात मिळतात, आपली बाई बुर्गुल कशाला घालेल? म्हणजे ज्याने केला, त्याने तो खाल्ला होता, पाहिला होता, कधी करायचा तेही त्याला ठाऊक होतं, फक्त जिन्नस आपल्या घरातला वापरला. आणि मेलेल्या बाईचा डबा कुणाकडे राहतो? ज्या घरी तो शेवटचा भरून गेला, त्यांच्याकडे. मराठी बोलला म्हणजे आपलाच, असं धरून सगळे आपल्यातच शोधत बसले होते. शेजाऱ्याचं दार कुणी वाजवलंच नव्हतं.

शमाशने सांगितलेल्या जुन्या इमारतीत हानाच्या खोलीला नवं कुलूप होतं. समोरच्या दारावर अरबीत पाटी होती. येहुदितने बेल वाजवली. पस्तीस-छत्तीसचा, रुंद खांद्यांचा माणूस दारात आला. तिने पिशवीतून डबा काढून त्याच्यापुढे धरला आणि मुद्दाम मराठीत विचारलं, "हा तुमच्याकडून आला होता ना?"

त्याने तळाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तो जगला?" तेही मराठीत, रेवदंड्याच्या म्हाताऱ्यांच्या मराठीत.

त्याचं नाव नबील. ट्रक चालवायचा. त्याची आई कपडे शिवायच्या कारखान्यात जायची, तेव्हा पाच वर्षांचा असल्यापासून तो हानाआजीच्या घरी वाढला. वाल सोलायला तिला चार हात लागत, दोन याचे असत. हानाआजी मलिदा करायची तेव्हा डबा समोरच्या दारी यायचा, आणि याची आई तो कधी रिकामा पाठवायची नाही. शेवटचा डबा आला त्याच आठवड्यात म्हातारी गेली. तो परत कुणाला करायचा? तसाच फडताळात राहिला.

त्या दिवशी तो खोके न्यायला गेला होता. तरुणपणी अॅम्ब्युलन्सवर स्वयंसेवक होता, म्हणून मान धरायची त्याला माहीत होती. पडलेला माणूस "आई गं" म्हणाला, ते ऐकून याच्या तोंडून आपोआप मराठी आली. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी मानेला पट्टा घातला आणि योरामने याला बाजूला ओढलं. ऑक्टोबर २००० चे ते अरब-ज्यू दंगलींचे दिवस सगळ्यांनाच आठवत होते. रस्त्यांवर दगड, टायर, पोलीस. योराम म्हणाला, आजच्या दिवसांत रक्ताळलेल्या ज्यू माणसापाशी अरब ड्रायव्हर सापडला, तर आधी तुलाच धरतील. गाडी रिकामी घेऊन नीघ, तू आलाच नव्हतास.

"मी घाबरलो," नबील म्हणाला. "दोन लहान मुली होत्या घरात. आठ दिवस झोप नाही आली. मग आईला म्हटलं, हानाआजी असती तर काय केलं असतं? मलिदा केला असता."

हॉस्पिटलात डबा ठेवून तो पळाला होता. माणूस जगला की नाही, हे विचारायची छाती झाली नव्हती. आणि कोर्टात दावा चाललाय, हे त्याला कोण सांगणार?

येहुदितने विचारलं, साक्ष द्याल का. त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने मान हलवली. तो खाली ट्रकपाशी गेला आणि चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एक कागद शोधून घेऊन आला. गाडी आत येताच मिळालेली, माल उचलायची ती चिठ्ठी होती, पंचवीस ऑक्टोबर, सकाळी साडेदहा, खोके वरच्या माळ्यावरचे. खाली सही होती योरामची.

६

कोर्टात कारखान्याचा वकील हसला. चिठ्ठी खरी असेलही, तो म्हणाला, ट्रक आला असेल. मग योरामने दिलेला हुकूम, दोरीने बांधलेली शिडी, हे सगळं या ड्रायव्हरने पाहिलं कशावरून? तो आत होता कशावरून? आणि न्यायाधीशबाई, रामल्याचा हा अरब गृहस्थ त्या जखमी माणसाशी मराठीत बोलत होता, हे आपण खरं मानायचं?

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला. जुडा खुर्चीत पुढे बसला होता, साक्षीदाराकडे पाठ करून. सकाळी चौघांनी त्याला बावन्न पायऱ्या उतरवून आणलं होतं, आणि त्याने येहुदितकडे एकच मागणं मागितलं होतं, की मला त्याचं तोंड आधी दाखवू नका. अमनोनने विनंती केली, की माझ्या अशिलाला एक प्रश्न विचारू द्यावा. तो काय विचारणार आहे, हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. अनुवाद करायला कोर्टाने नेमलेली बाई होतीच. वकिलाने हरकत घेतली, पण न्यायाधीशबाईंनी मान डोलावली.

जुडाने मागे न बघता मराठीत विचारलं, "त्या दिवशी मी तुला वालाचं काय सांगितलं?"

मग मागून तो आवाज आला, हलक्या सुरात, जसा तीन वर्षांपूर्वी डोक्यामागून आला होता.

"तू म्हणलास, एक रात्र पाण्यात, एक रात्र फडक्यात. मी म्हणलं, हानाआजी दोन रात्री फडक्यात ठेवायची. तू म्हणलास, मग त्याला वास येतो. हलू नको आता, बाळा. मी धरलंय."

जुडाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अनुवाद करणारी बाई निम्म्यात थांबली आणि तिने रुमाल शोधला. जुडाचा जबाब तीन वर्षांपूर्वीच लिहून फाइलला लागला होता. त्यात बिरड्याचा उल्लेख होता, पण एक रात्र की दोन, यावर झालेला तंटा त्याने कुणालाच सांगितला नव्हता. मरता मरता आपण वालावरून भांडलो, हे सांगायची त्याला लाज वाटली होती. ते फक्त दोन माणसांना ठाऊक होतं.

त्यानंतर यिशायला पुन्हा उभं केलं. येहुदितने लिहून दिलेला प्रश्न अमनोनने विचारला, की दुसरी झडप कुणासाठी उघडी होती? म्हातारा एकदा योरामकडे बघून घेत म्हणाला, ट्रकसाठी, आणि कोर्टाने वही मागितली तेव्हा ते पान योरामने माझ्यासमोर फाडलं, पेन्शनला चार महिने उरलेत म्हणून मी गप्प बसलो. बोलून झाल्यावर तो जुडाच्या खुर्चीपाशी थांबला आणि माफी मागितली. जुडाने त्याचा हात हातात घेतला.

दुपारच्या आत कारखान्याने तडजोड मान्य केली.

७

पुढच्या वसंतात झिराडकर तळमजल्यावर राहायला गेले. दाराला उंबरा नव्हता, बाहेर फरशीचा उतार होता आणि लिंबाचं एक झाड. पहिल्याच आठवड्यात मलिदा झाला. खोबरं जुडाने खवलं, पोहे त्याने कालवले, फळं त्याने कापली. इलानाने मध्ये हात घालायचा प्रयत्न केला, तर रागावला.

येहुदितला मानाच्या खुर्चीत बसवलं होतं. तिला ते मुळीच आवडलं नाही, पण उठलीही नाही. नबील बायको, आई आणि दोन्ही मुलींना घेऊन आला. प्रार्थना झाली, फळं वाटून झाली. मग जुडाने आष्टमकरणीचा डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि नबीलच्या हातात दिला. तीन वर्षं त्याने काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"थँक यू," तो म्हणाला. "बस, एवढंच रे."

नबीलने झाकण उघडून वास घेतला. हानाआजी म्हणाली असती, वेलची कमी पडली, असं तो म्हणाला, आणि मग दोघेही हसले, आणि डोळेही पुसले.

पाहुणे निघाले तेव्हा जुन्या इमारतीतले चार शेजारी सवयीने खुर्चीकडे सरकले. जुडाने त्यांना हाताने थांबवलं. चाकं त्याने स्वतः ढकलली, दारातून, उतारावरून, थेट ट्रकपर्यंत, आणि ट्रक वळून दिसेनासा होईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला हात हलवत राहिला. येहुदित दारातून बघत होती, आणि तिला चष्मा काढावा लागला.

आठ दिवसांनी डबा परत आला. आत गरम बुर्गुल होतं.